ॲमस्टरडॅमचे मनोरे



या वसंत व्याख्यानमालेचे यंदा आम्हांला बोलावणे आले, तेव्हा चिटणीसांनी विषयाची मोकळीक दिली होती. आमच्याकडून बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असे काहीतरी येईल, अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही "ॲमस्टरडॅमचे मनोरे" असे लिहून धाडले. आमचे अक्षर पहिल्यापासून वाईट. दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा फोन आला. म्हणाले, "मनोरेच ना? की मजूर?" आम्ही म्हटले, "मनोरेच. मजूर त्यात येतीलच."

प्रारंभीच एक कबुली देतो. स्थापत्यशास्त्राचे आम्हांला ज्ञान नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत झाले, ते पुरे होण्याआधीच आम्ही गोदीत लागलो, आणि पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात. गोदीत आणि कामगार संघटनेत मिळून तीस वर्षे गेली. तेवढ्या काळात डोळ्यांना एक खोड जडली. उंच इमारत दिसली की लोक विचारतात, हिची उंची किती? आमच्या मनात येते, हा दगड वर नेला कोणी? या खोडीचा आपल्याला आज थोडा त्रास होणार आहे. तो आपण सोसावा.

काही वर्षांपूर्वी गोदी कामगारांच्या संघटनांची एक बैठक ॲमस्टरडॅमला होती. प्रतिनिधी म्हणून आम्ही गेलो. फेब्रुवारीचा महिना, हाडे गोठविणारी थंडी. बैठक आटोपल्यावर काही दिवस हाताशी होते. यजमान संघटनेने एक वृद्ध गृहस्थ आमच्या सोबतीला दिले. ते ट्रामगाडीचे निवृत्त चालक होते. त्यांचे इंग्रजी आमच्याइतकेच मोडके, त्यामुळे आमचे उत्तम जमले. त्यांच्याबरोबर आम्ही ते शहर पायी पाहिले. तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम जमिनीपासून सुरुवात करू. ॲमस्टरडॅम हे शहर चिखलावर उभे आहे. ॲमस्टेल नावाची नदी आहे. तिला तेराव्या शतकात बांध घातला. बांधाला तिकडे 'डाम' म्हणतात. ॲमस्टेलचा बांध, म्हणून ॲमस्टरडॅम. अशा दलदलीत पाया खणायला घेतला तर पाणीच लागते. म्हणून तेथे पाया खणत नसत, ठोकीत असत. उत्तरेकडच्या देशांतून जहाजांनी झाडांचे लांब सोट आणायचे, आणि चिखलातून सुमारे बारा मीटर खोल, वाळूच्या थराला टेकेपर्यंत एकामागून एक ठोकीत न्यायचे. सोटांच्या डोक्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर भिंत. लाकूड पाण्याखाली पुरते बुडालेले असले की शेकडो वर्षे टिकते, आणि वरचे पाणी उतरून हवा लागली की कुजू लागते. म्हणजे आपल्याकडे घराचा शत्रू ओल, आणि तेथे घराचा शत्रू कोरड!

शहराच्या मध्यभागी त्या जुन्या बांधाच्या जागी एक मोठे चौक आहे. तेथे पूर्वीची नगरसभेची इमारत आहे. याकोब व्हान कांपेन या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणे १६४८ साली तिचे काम सुरू झाले आणि १६५५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. पुढे १८०८ साली नेपोलियनचा भाऊ लुई याने तिचा राजवाडा केला, तो आजही राजवाडाच आहे. या इमारतीखाली १३,६५९ सोट ठोकलेले आहेत. हा आकडा तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतो. वर्षाचे दिवस ३६५, त्यांच्या आधी १ आणि शेवटी ९ लिहिले की झाला आकडा. आमच्या सोबत्यांनी तो आम्हांला चौकात उभे राहून बोटांवर करून दाखविला.

आता हे सोट ठोकीत कसे, ते ऐका. उंच तिकाटणे उभे करायचे. त्यावरच्या चाकावरून एक जाड दोर घ्यायचा. दोराच्या एका टोकाला जड ठोकळा, आणि दुसऱ्या टोकाला अनेक बारीक दोर बांधलेले. प्रत्येक दोर एकेका माणसाच्या हातात, अशी तीस-चाळीस माणसांची टोळी. सर्वांनी एकदम ओढायचे आणि एकदम सोडायचे. एकाचा हात मागेपुढे झाला तर ठोकळा तिरपा पडायचा. म्हणून एक जण गाणे म्हणायचा आणि बाकीचे त्या ठेक्यावर ओढायचे. ही गाणी हा तिकडच्या लोकगीतांचा एक प्रकारच होऊन बसला. हे ऐकताच आम्हांला आमच्या गोदीची आठवण झाली. जड पेटी हलविताना मुकादम आरोळी द्यायचा, टोळी "हैशा" म्हणायची आणि पेटी हलायची. भाषा निराळी, ठेका तोच.

त्याच राजवाड्याच्या मागच्या बाजूस छपरावर ॲटलास या पुराणपुरुषाचा पुतळा आहे. त्याच्या खांद्यांवर आकाशाचा गोल आहे. आमच्या डोळ्यांना तो अगदी हमालच दिसला. त्या काळी याच चौकात मालाचे वजन करण्याची इमारत होती. जहाजातला माल तेथे येई, हमाल तो वाहून नेत. लुई राजाला वाड्याच्या खिडकीतून चौक नीट दिसेना, म्हणून त्याने १८०८ साली ती वजनाची इमारतच पाडून टाकली. दगडाचा हमाल छपरावर राहिला, आणि हाडामांसाच्या हमालांची जागा दृष्टीआड गेली.

आता मनोऱ्यांकडे वळू. ॲमस्टरडॅममधली सर्वांत जुनी वास्तू म्हणजे 'आउडे केर्क', म्हणजे जुने चर्च. १३०६ साली ते देवाला अर्पण झाले. जमीन मऊ, म्हणून वरचे छत दगडाचे न करता लाकडाचे केले आहे. मान वर केली की उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या पोटात उभे राहिल्यासारखे वाटते. पायाखालची सारी फरशी थडग्यांची. रेम्ब्रांट या विख्यात चित्रकाराची पत्नी सास्किया येथेच पुरली आहे.

हे चर्च प्रथम कॅथलिकांचे होते. १५६६ मध्ये सुधारकांच्या जमावाने त्यातल्या मूर्ती फोडल्या. १५७८ मध्ये शहराची सत्ता प्रोटेस्टंटांच्या हाती आली आणि कॅथलिकांची सारी चर्चे गेली. उघड उपासना करायची त्यांना बंदी झाली. पण व्यापारी शहर मोठे व्यवहारी! बाहेरून चर्च दिसले नाही म्हणजे झाले. घरात काय चालते याकडे नगरसभा कानाडोळा करी. त्या जुन्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर कालव्याकाठी एक घर आहे. दारातून पाहिले तर व्यापाऱ्याचे घर, आणि माळ्यावर चढून गेले तर वेदी, सज्जे, ऑर्गन असे संपूर्ण चर्च! १६६३ साली ते तयार झाले. आज ते वस्तुसंग्रहालय म्हणून पाहता येते.

ल्यूथरपंथीयांना उघड चर्च बांधायला परवानगी होती, पण मनोरा बांधायला नव्हती. त्यांनी १६७१ मध्ये एक वाटोळे चर्च बांधले आणि वर मोठा घुमट घातला. मनोरा नको म्हणता ना, हा घ्या घुमट! तो घुमट आजही उठून दिसतो. उलट, नगरसभेच्या शेजारच्या 'नव्या चर्च'ला मनोरा बांधायचे १६४६ च्या सुमारास चालू झाले. पण चर्चचा मनोरा उंच की नगरसभेची इमारत मोठी, या चढाओढीत मनोऱ्याचे काम थांबले ते कायमचेच. राजांच्या राज्यारोहणाचा समारंभ ज्या चर्चमध्ये होतो त्याला मनोरा नाही!

तात्पर्य, मनोरा हा त्या शहरात केवळ विटांचा ढीग नव्हता. तो परवाना होता. कोणाचा आवाज साऱ्या गावाने ऐकायचा आणि कोणी आपला देव माळ्यावर ठेवायचा, हे मनोऱ्यांवरून ठरत असे.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. १७९८ साली त्या देशात नवी राज्यघटना झाली. तिने असे ठरविले की, चर्चची इमारत त्या त्या पंथाची राहील. पण त्याचा मनोरा, घंटांसकट, गावाचा. कारण मनोऱ्यावरचे घड्याळ सर्वांचे, आग लागली की वाजणारी घंटा सर्वांची. आजही ॲमस्टरडॅममधील जुन्या चर्चांचे कितीतरी मनोरे नगरपालिकेच्या मालकीचे आहेत. खाली देऊळ भक्तांचे आणि वर कळस सार्वजनिक, अशी ही वाटणी. मंडळी, कायद्याची कलमे वाचता वाचता आमचे केस पिकले. इतके समजूतदार कलम आमच्या वाचनात क्वचित आले.

या मनोऱ्यांतले सर्वांत सुंदर मनोरे हेंड्रिक दे कैसर या एका माणसाने उभे केले. तो शहराचा शिल्पकार आणि मुख्य पाथरवट. दक्षिणेचे चर्च त्याने १६०३ ते १६११ या काळात बांधले, त्याचा मनोरा १६१४ साली पुरा झाला. प्रोटेस्टंटांसाठी म्हणून मुद्दाम बांधलेले हे ॲमस्टरडॅममधले पहिले चर्च. दे कैसर १६२१ साली वारला आणि तेथेच पुरला गेला. पुढे फ्रांस्वा आणि पीटर हेमोनी हे दोघे बंधू घंटा ओतायला या शहरात आले. घंटेचा सूर अचूक लावण्याची विद्या त्यांना साधली होती. आपल्या तंबोऱ्याच्या तारा जुळवाव्यात तशा त्यांनी मणामणांच्या घंटा जुळविल्या. पितळ आणि कासे यांचे काम करणारा तांबट सुराचाही पक्का असेल तर काय होते, ते आजही तेथे दर पंधरा मिनिटांनी ऐकायला मिळते.

पण याच दक्षिणेच्या चर्चची आणखी एक आठवण आहे. १९४४-४५ चा हिवाळा हा जर्मनांच्या ताब्यातला शेवटचा हिवाळा. शहरात अन्न नाही, जळण नाही. माणसे इतकी मरू लागली की त्यांना पुरणे आटोपेना. तेव्हा प्रेते या चर्चमध्ये आणून ठेवीत. आम्ही आत उभे होतो तेव्हा वर घंटा वाजत होत्या. आमचे सोबती टोपी हातात घेऊन खाली फरशीकडे पाहत होते. आम्ही काही विचारले नाही.

पश्चिमेच्या चर्चचा मनोरा शहरातल्या चर्चांत सर्वांत उंच, सुमारे ८५ मीटर. म्हणजे मुंबईचा राजाबाई टॉवर डोळ्यांपुढे आणावा. हा १६३८ साली पुरा झाला. रेम्ब्रांट १६६९ मध्ये याच चर्चमध्ये पुरला गेला, पण भाड्याच्या जागेत, त्यामुळे नेमकी जागा आज कोणालाच दाखविता येत नाही. या मनोऱ्याच्या शेंड्यावर एक मुकुट आहे. ॲमस्टरडॅमकर या मुकुटाकडे मोठ्या अभिमानाने बोट दाखवितात. हा मुकुट आला कोठून? १४८९ साली मॅक्सिमिलियन या राज्यकर्त्याने शहराला आपला मुकुट बोधचिन्हावर मिरविण्याचा हक्क दिला. शहराने त्याला लढायांत मदत केली होती, कर्ज दिले होते; त्याची ही परतफेड. थोडक्यात म्हणजे मुकुट पैशाने आला. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण तेवढे लक्षात असू द्या. शेवटी आपल्याला त्या मुकुटाकडे परत यावयाचे आहे.

आता बंदराकडे चला. गोदीत तीस वर्षे काढलेल्या माणसाचे पाय तिकडेच वळणार. बंदराच्या तोंडाशी तटाचा एक जुना बुरूज उभा आहे. त्याला 'स्ख्रायर्स्टोरन' म्हणतात. लोक त्याचा अर्थ लावतात 'रडण्याचा बुरूज'. खलाशी लांबच्या सफरीवर निघाले की त्यांच्या बायका या बुरुजावर उभ्या राहून रडत, अशी कथा आहे. बुरुजावर १५६९ सालचा एक कोरीव दगडही आहे. जाणकार मात्र म्हणतात की, नाव पडले ते तटाच्या तिथल्या टोकदार कोपऱ्यामुळे. नावाचा अर्थ जाणकारांचा खरा धरू. पण बायका रडल्या नसतील असे कसे म्हणावे? १६०२ ते १७९९ या दोन शतकांत डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून सुमारे दहा लाख माणसे आशियाकडे निघाली. त्यांतली निम्मीसुद्धा परत गेली नाहीत.

ही माणसे कंपनीला मिळत कशी? शहरात कामाच्या शोधात जर्मनी आणि उत्तरेकडच्या मुलखांतून कफल्लक तरुण येत. काही घरमालक त्यांना ठेवून घेत, खाऊपिऊ घालीत, कपडालत्ता आणि पेटी देत, आणि साऱ्याचा हिशेब मांडीत. मग त्यांना कंपनीच्या जहाजावर नोंदवीत. कंपनी त्या कर्जाची चिठ्ठी लिहून देई, आणि पगारातून ती रक्कम हप्त्याहप्त्याने फिटे. खलाशी वाटेत मेला तर चिठ्ठी बुडीत. म्हणून घरमालक ती चिठ्ठी आधीच कमी भावाने सावकाराला विकून मोकळा होई. अशा लोकांना गाव एक शब्द वापरी, त्याचा अर्थ 'आत्मे विकणारे'. मंडळी, आपल्याकडे ऊसतोडीच्या कामगाराला उचल देऊन बांधून घेतात, ती रीत आपण जाणता. ही तीच उचल, फक्त समुद्रापलीकडची.

जवळच 'मोंटेलबान' नावाचा दुसरा बुरूज आहे. १५१६ साली तो संरक्षणासाठी बांधला. १६०६ मध्ये त्याच्यावर घड्याळाचा सुरेख मनोरा चढविला. थोड्याच वर्षांत ते सारे ओझे एका अंगाला कलले. तेव्हा लोकांनी दोरखंड बांधून तो ओढून सरळ केला, असे सांगतात. त्याचे घड्याळ मात्र भलत्याच वेळी वाजे, म्हणून लोक त्याला 'वेडा याप' म्हणू लागले. कंपनीचे खलाशी याच बुरुजाजवळून लहान होड्यांत बसत आणि पुढे मोठ्या जहाजांवर चढत.

त्यांतली काही जहाजे आपल्या किनाऱ्यालाही लागली. कोकणात वेंगुर्ल्याला डच वखारीचे पडके अवशेष अजून उभे आहेत. १६३७ साली विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीने कंपनीने तेथे बस्तान बसविले होते. ती वखार आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिची दुसरी बाजू त्या रडण्याच्या बुरुजाशी आहे. त्या शहराच्या भरभराटीत मिरी-लवंगांचा पैसा आहे, तसाच गुलामांच्या घामाचाही आहे. दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम वसाहतीच्या मालकीत खुद्द ॲमस्टरडॅम शहराचा एक तृतीयांश वाटा होता. १ जुलै २०२१ रोजी शहराच्या महापौरांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

येथवर आपण राजांचे, धर्माचे आणि व्यापाऱ्यांचे मनोरे पाहिले. आता कामगारांचा एक मनोरा पाहू.

प्लांटाज नावाच्या भागात विटांची एक भक्कम इमारत आहे. लोक तिला 'किल्ला' म्हणतात. समोर बुरुजासारखा मनोरा. ही हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कामगारांच्या संघटनेची कचेरी. संघटना १८९४ साली स्थापन झाली, तिचे पुढारी हेन्री पोलाक. इमारत १९०० साली पुरी झाली, आणि ती बांधली बेर्लाखे या त्या देशातल्या अग्रगण्य वास्तुशिल्पज्ञाने. पुष्कळसे सभासद ज्यू होते. शहरातल्या गरीब गल्ल्यांत, काळोख्या खोल्यांत राहणारी ही माणसे. पोलाक यांनी त्यांच्यासाठी पगारवाढ मागितली, आणि त्याचबरोबर वाचनालय काढले, साप्ताहिक चालविले, उत्तम इमारत कशी असते ते रोज दिसावे म्हणून उत्तम इमारत बांधली. १९११ साली या संघटनेने आठ तासांचा दिवस मिळविला. आत मोठा रुंद जिना आणि वरून पडणारा उजेड! त्या जिन्यावर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. संघटनेची कचेरी म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल आणि तीन पायांची खुर्ची, अशी आमची आजवरची समजूत. कामगाराला सुंदर वस्तूवर हक्क आहे, असे मानणारा पुढारी आम्हांला त्या जिन्यावर भेटला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला, तिच्याकडे येतो.

उत्तरेचे चर्च म्हणून एक चर्च आहे. त्याचाही आराखडा हेंड्रिक दे कैसरचाच. योर्डान नावाच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीसाठी ते बांधले. त्याला उंच मनोरा नाही, मधोमध एक लहानसा घंटाघराचा शेंडा आहे. त्याच्यासमोर बाजाराचे पटांगण. मे १९४० मध्ये जर्मनांनी हा देश घेतला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ या दोन दिवशी त्यांनी ज्यू वस्तीला वेढा घातला आणि सुमारे चारशे तरुण ज्यू पकडून नेले. योनास दानियेल मेयर या चौकात त्यांना उकिडवे बसविले होते. त्यांतले दोघेच काय ते युद्धानंतर जिवंत सापडले.

सोमवारी, २४ तारखेला संध्याकाळी, त्या उत्तरेच्या चर्चसमोरच्या पटांगणात सभा झाली. बोलावली कोणी? विलेम क्रान आणि पीत नाक या नगरपालिकेच्या दोघा कामगारांनी. एक रस्ते खात्यातला, दुसरा सफाई खात्यातला. बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाची पत्रके रातोरात छापली गेली. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला पहाटे, ट्रामगाड्या आगारातून बाहेर पडल्या नाहीत. शहराने खिडकीतून पाहिले, ट्राम नाही! तेव्हा सर्वांना कळले की संप झाला. जहाजे बांधणारे, गोदीतले, पोलादाचे, कचेऱ्यांतले, दुकानांतले सारे बाहेर आले. संप शेजारच्या गावांतही पसरला. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी गोळ्या घालून तो मोडला. नऊ माणसे मेली. शहराला दीड कोटी गिल्डरांचा दंड झाला. १३ मार्च १९४१ रोजी ज्या अठरा जणांना ठार केले, त्यांत तिघे संपवाले होते. क्रान यांना १९४२ साली गोळ्या घातल्या. नाक वाचले.

पगारासाठी, बोनससाठी, निलंबित केलेल्या साथीदारासाठी आम्ही संप केले आहेत. पण ज्यांचा धर्म निराळा, ज्यांची गल्ली निराळी, अशा माणसांच्या मुलांसाठी परक्या सैन्याच्या बंदुकीपुढे सबंध शहराने काम थांबविले, ही गोष्ट आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

याच मेयर चौकात, सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज ज्यूंच्या भव्य सिनेगॉगशेजारी, आज एक पुतळा उभा आहे. त्याचे नाव 'दोकवर्कर', म्हणजे गोदी कामगार. मारी आंद्रिसेन या शिल्पकाराने तो केला आणि १९५२ च्या डिसेंबरमध्ये राणी युलियाना यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. आडव्या बांध्याचा एक माणूस. बाह्या वर सारलेल्या, मान ताठ, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर आणि उघडे. हातात बंदूक नाही, झेंडा नाही, हूकही नाही. काम खाली ठेवलेले हात कसे दिसतात ते आम्हांला ठाऊक आहे. तसेच ते आहेत.

आम्ही तेथे २५ फेब्रुवारीलाच होतो. दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात. भाषण थोडे, मग रांगेने येऊन फुले ठेवायची. आम्हीही ठेवली. आमच्या बाजूला कोणी म्हातारी होती, कोणी शाळेची मुले होती. परतताना आम्ही सोबत्यांना म्हटले, "तुमच्या ट्रामवाल्यांनी नाव काढले." ते काहीच बोलले नाहीत. दोन कालवे ओलांडल्यावर म्हणाले, "माझे वडील तेव्हा ट्रामवर होते. त्या दिवशी त्यांनी गाडी काढली नाही. पण पुढच्या वर्षी याच ट्रामगाड्यांतून ज्यूंना रात्री स्थानकावर नेले. तेव्हा वडिलांनी गाडी काढली की नाही, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. मीही कधी विचारले नाही."

हे खरे आहे, मंडळी. १९४२ पासून हजारो ज्यूंना ट्रामगाड्यांतून आगगाडीपर्यंत पोहोचविण्यात आले, आणि नगरपालिकेच्या ट्राम खात्याला त्याचे भाडेही मिळाले. त्या देशात सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यू होते, त्यांतल्या एक लाखाहून अधिकांचा संहार झाला. हिऱ्यांच्या कामगारांच्या त्या किल्ल्यातले बहुतेक सभासदही त्यांतच गेले. एप्रिल २०२५ मध्ये शहराच्या महापौरांनी त्या काळातल्या नगरपालिकेच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. हे वाचले तेव्हा आम्हांला त्या वृद्ध गृहस्थांची आठवण झाली.

मग त्या संपाने साधले काय, असे कोणी विचारील. हा प्रश्न आम्हांला नवा नाही. आमचे वडील १९८२ च्या गिरणी संपात होते. हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटाबरोबर वाढला जात असे. त्याचे सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. त्या दोन दिवसांनी कोणाचा जीव वाचला नाही. आणि एकदा धैर्य दाखविले म्हणजे पुढचे सारे माफ, असेही नाही. ज्या हातांनी ट्राम थांबविली ते हात पुढच्या वर्षी पुन्हा दांड्यावर गेले असतील. एकजूट एकदा करून पेटीत ठेवता येत नाही. तो सोट एका ठोक्याने वाळूपर्यंत जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढावे लागते, तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या शहराने पुढे ओढणे सोडले, आणि ज्यांनी सोडले त्यांची मुले आज ते कबूल करतात. पण त्या दोन दिवशी झाडूवाल्यांनी जे ओढले ते फुकट गेले, असे म्हणायला आमची जीभ धजत नाही.

याचे कारण सांगून रजा घेतो. तो मुकुट आठवा. १४८९ साली पैशाच्या बदल्यात मिळालेला, मनोऱ्याच्या शेंड्यावरचा. तोच मुकुट ॲमस्टरडॅमच्या बोधचिन्हावर वरच्या बाजूस आहे. पण बोधचिन्हाच्या खाली एक पट्टी आहे, आणि तिच्यावर तीन शब्द आहेत. त्यांचा अर्थ शूर, दृढनिश्चयी, दयाळू. हे शब्द १९४७ साली राणी विल्हेल्मिना यांनी शहराला दिले, ते युद्धकाळातल्या शहराच्या वागण्यासाठी, आणि त्यात तो संप सर्वांच्या मनात होता. म्हणजे वरचा मुकुट सावकारांनी मिळविला, आणि खालचे तीन शब्द रस्ते झाडणाऱ्यांनी, ट्राम चालविणाऱ्यांनी, गोदीत ओझी वाहणाऱ्यांनी.

आमचे सोबती म्हणत, "मुकुट आमचाच आहे, त्याची चिंता नाही. ते तीन शब्द मात्र रोज वाचताना जरा जड जातात."

आपले गावही जुने आहे. आपल्याकडेही शिखरे आहेत, मिनार आहेत, घड्याळाचा मनोरा आहे. उद्या सकाळी जाताना एकदा मान वर करून पाहा. आणि मग मान खाली करून, जेथे पाया आहे तेथेही पाहा.